भूमिगताचा पुरावा

१५ ऑगस्ट १९७२ला केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन सुरू केले. १९८०मध्ये उत्पन्नाची अट उठली, पुराव्याची राहिली. सहा महिने कारावास, तुरुंगाचा दाखला. भूमिगत असेल, तर फरारी घोषित केल्याचा, पकडवॉरंटाचा वा बक्षिसाचा सरकारी कागद. लपत फिरणाऱ्याने स्वतःचे वॉरंट जपून ठेवावे, ही अपेक्षा गमतीचीच!

आमच्या गल्लीतले चाचा निजामाविरुद्ध लढलेले. बी.ए. झाल्यावर त्यांचे अर्ज मीच लिहीत असे. तीनदा परत आले. २००१मध्ये गुरदयाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, अशा दाव्यांना फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नका, शक्यता तपासा. चौथा अर्ज लिहायला बसलो, तेव्हा अर्जदाराच्या रकान्यात चाचींचे नाव घालावे लागले.