औद्योगिक विशेषीकरण करार, समाजवादी राष्ट्रांतील

मित्रराष्ट्रांनी उत्पादनाची आपापसांत वाटणी करून, ठराविक वस्तू ठराविक देशाने मोठ्या प्रमाणावर तयार कराव्यात व इतरांनी त्या त्याच्याकडून घ्याव्यात, यासाठी केलेले करार. जानेवारी १९४९ मध्ये स्थापन झालेल्या परस्पर आर्थिक साहाय्य परिषदेच्या (कोमेकॉन) सदस्य-राष्ट्रांत ते विशेषत्वाने झाले. प्रारंभी प्रत्येक देशाने सोव्हिएट नमुन्यावर सर्वच अवजड उद्योग उभारण्याचा प्रयत्न केला. परिणामी एकच यंत्र अनेक ठिकाणी थोड्या संख्येने तयार होऊन महाग पडू लागले. यावर उपाय म्हणून १९६२ मध्ये परिषदेने समाजवादी श्रमविभागणीची मूलतत्त्वे मान्य केली. मोठ्या बसगाड्या हंगेरीकडे, ट्रामगाड्या चेकोस्लोव्हाकियाकडे आणि विद्युत् फोर्कलिफ्ट बल्गेरियाकडे, अशी वाटणी रूढ झाली.

या व्यवस्थेस विरोधही झाला. आपणास शेतीमाल व कच्चा माल पुरविण्यातच अडकून पडावे लागेल, या भीतीने रूमानियाने एप्रिल १९६४ मध्ये आपले आर्थिक स्वातंत्र्य जाहीरपणे प्रतिपादिले. प्रशिक्षण-विमान म्हणून १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे एल-२९ निवडले गेले, तरी पोलंडने स्वतःचे ‘इस्क्रा’ बनविणे सोडले नाही. हेच ‘इस्क्रा’ पुढे भारतीय हवाई दलाने घेतले.

भारत परिषदेचा सदस्य नव्हता. तथापि तत्सम विभागणीचा अनुभव महाराष्ट्रास नासिकजवळील ओझर येथे आला. मिग-२१ विमानांच्या निर्मितीविषयी १९६२ मध्ये सोव्हिएट संघाशी करार झाला. त्यानुसार विमानाचा सांगाडा व जुळणी ओझरला, एंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिकीय उपकरणे हैदराबादला, अशी कामे वाटली गेली. हिंदुस्थान एअरॉनॉटिक्सने या प्रकारची सहाशेहून अधिक विमाने तयार केली. त्यांतून कुशल कारागीर व पूरक उद्योग निर्माण झाले. परंतु मूळ अभिकल्प सोव्हिएट संघाकडेच राहिला.

जून १९९१ मध्ये परिषद विसर्जित झाली व त्याच वर्षअखेर सोव्हिएट संघ विघटित झाला. एकाच ग्राहकवर्गावर विसंबलेल्या हंगेरीच्या बस-उद्योगास उतरती कळा लागली, तर भारतात सुट्या भागांची टंचाई जाणवली. ओझरचा कारखाना पुढे सुखोई-३० एमकेआय विमानांच्या निर्मितीमुळे टिकला. मिग-२१ मात्र २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवानिवृत्त झाले. विशेषीकरणाने उत्पादनखर्च घटतो व कौशल्य वाढते. पण अभिकल्पाचे ज्ञान व पर्यायी बाजारपेठ नसल्यास तेच परावलंबनाचे कारण ठरते, असे या इतिहासावरून दिसून येते.