मोटारीतील खर्जाची जुळवणी

१९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंच्या कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ विकायला काढला, तेव्हा इंजिनाच्या घरघरीतही बोलणे नीट ऐकू यावे एवढीच अपेक्षा होती. खर्जाला, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतल्या आवाजाला, मानाचे स्थान मिळाले ते १९८०च्या दशकात, फ्लोरिडातील मायामी शहरात. तेथील ‘मायामी बेस’ या संगीतप्रकारात रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्राचा लांबत जाणारा, घुमणारा ठोका हाच प्राण असे, आणि तो अंगावर यावा म्हणून तरुणांनी डिकीत सबवूफर, म्हणजे केवळ खर्जासाठी केलेले मोठे स्पीकर, असे काही बसवले की मागची नंबरप्लेट पत्र्यावर थडथडू लागे. खरे कसब मात्र या दणक्यात नव्हे, जुळवणीतच होते. क्रॉसओव्हर, म्हणजे कंप्रतेनुसार आवाजाची वाटणी करणारे मंडल, साधारण ८० हर्ट्झखालचे स्वर सबवूफरकडे वळवते. मग गेनचा नॉब, ज्याने ॲम्प्लिफायरची संवेदनक्षमता ठरते, तो इतक्या बेताने फिरवावा लागतो की खर्ज मागच्या डिकीतून नव्हे, समोरच्या काचेपाशी उमटल्यासारखा वाटावा. मोटारीची लहान, बंद पोकळी खालचे स्वर आपणहून वाढवते, त्यामुळे दिवाणखान्यातला हिशेब येथे लागू पडत नाही.