डेकवाल्याला विचारायचे चार प्रश्न

अमेरिकेत जुनं घर घेतलं की मागच्या दारी बहुतेक वेळा एक लाकडी डेकही पदरात पडतो. आपल्या गच्चीचा आणि ओसरीचा चुलतभाऊच म्हणा ना. उन्हाळ्यात त्यावर बार्बेक्यू, गणपतीत आरतीनंतरची पंगत, आणि पुण्याहून आईबाबा आले की त्यांचा सकाळचा चहा. थोडक्यात, घरातली सगळ्यात जास्त माणसं सगळ्यात कमी तपासलेल्या जागेवर उभी असतात.

आमचा डेक १९९६ चा. फळ्या करकरायला लागल्या म्हणून तीन कंत्राटदारांकडून कोटेशनं मागवली. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांच्यात चक्क चौपट फरक! स्वस्तवाला म्हणाला, "वरच्या फळ्या बदलतो, रंग मारतो, दोन दिवसांत नवा. अर्धे पैसे आधी, कॅश." महागवाला मात्र स्क्रूड्रायव्हर घेऊन अर्धा तास डेकच्या खालीच होता. हा चौपट फरक नक्की कशाचा, ते शोधताना जे वाचलं ते इथे लिहितोय. जुन्या कोडमधल्या प्रत्येक विचित्र अटीमागे एखादा बग असतो, तसंच या धंद्यातल्या प्रत्येक नियमामागे एक साल आहे.

प्रश्न पहिला: लाकूड कुठलं?

दुसऱ्या महायुद्धानंतर थॉमस चर्चसारख्या कॅलिफोर्नियातल्या उद्यानरचनाकारांनी घरामागच्या डेकला प्रतिष्ठा मिळवून दिली. तेव्हा रेडवुड वापरायचे, ते मुळातच लवकर कुजत नाही. पण सगळ्या अमेरिकेला पुरेल एवढं रेडवुड आणणार कुठून? स्वस्त पाइन मिळायचं, पण ओल लागली की काही वर्षांत त्याचा भुगा.

यावरचा तोडगा निघाला तो आपल्या डेहराडूनला! तिथल्या वनसंशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं एक मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम दोघांना लाकडात पक्कं बसवतं. १९३८ मध्ये त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. हे मिश्रण दाबाखाली मुरवलेलं हिरवट पाइन पुढे अमेरिकेच्या परसदारी सगळीकडे दिसू लागलं. ज्या डेकवर आपण कांदेपोहे खातो त्याचं मूळ डेहराडूनला आहे, हे मला तरी माहीत नव्हतं.

पण आर्सेनिक ते आर्सेनिकच. मुलं रांगतात त्या फळ्यांवर ते नको, म्हणून उत्पादकांनी पर्यावरण खात्याशी बोलणी करून २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी हे लाकूड बनवणं थांबवलं. जुने डेक उखडायला कुणी सांगितलं नाही. मात्र असं लाकूड जाळायचं नाही, आणि घासायचंही नाही. तेव्हा २००४ च्या आधीचा डेक असेल आणि कंत्राटदार "सँडिंग करून चकाचक करतो" म्हणाला, तर तिथेच थांबवा. वर्षा-दोन वर्षांनी तेलाचा मुरणारा स्टेन द्यावा, त्याने आर्सेनिक झिरपणं कमी होतं.

यात आणखी एक गोम आहे. नवीन मिश्रणांत तांबं जास्त, आणि ते साध्या खिळ्यांना खातं. म्हणून आता हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलच हवं. "खिळे कुठले वापरणार?" या एका प्रश्नावर अर्धी परीक्षा होते.

प्रश्न दुसरा: डेक घराला कशाने जोडलाय?

डेकची एक बाजू खांबांवर असते, दुसरी घराच्या भिंतीला जोडलेल्या एका आडव्या फळीवर. या फळीला लेजर म्हणतात. डेक पडतात तेव्हा बहुतेक वेळा हाच सांधा सुटलेला असतो, आणि कारण साधं असतं: बोल्टऐवजी नुसते खिळे.

इथे थोडं गणित करू. नेहमीचा हिशेब दर चौरस फुटाला ४० पौंडांचा असतो. १२ बाय १६ चा डेक म्हणजे ७,६८० पौंड, जवळजवळ साडेतीन हजार किलो. सत्तर किलोची पन्नास माणसं! नीट बांधलेला डेक आपल्या आरतीची गर्दी सहज पेलतो. पण खिळे ठोकलेल्या सांध्याला हे गणित लागू नाही.

२९ जून २००३ ला शिकागोत एका पार्टीत तिसऱ्या मजल्याचा लाकडी पोर्च कोसळला आणि खालच्या मजल्यांचे पोर्च घेऊनच जमिनीवर आला. १३ तरुण मेले. पोर्च विनापरवाना आणि नियमापेक्षा मोठा बांधला होता, असं शहराचं म्हणणं होतं. बहुतेक राज्यं ज्या नमुना-नियमावलीवरून आपले नियम करतात, तिच्यात लेजरला किती अंतरावर बोल्ट हवेत याचं कोष्टक यायला २००९ साल उजाडलं. त्याआधीच्या डेकचा लेजर म्हणूनच आवर्जून बघून घ्यायचा.

प्रश्न तिसरा: पाणी कुठे जातं?

बर्कलीची गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. १६ जून २०१५, मध्यरात्र उलटून गेलेली, एकविसाव्या वाढदिवसाची पार्टी. चौथ्या मजल्यावरची बाल्कनी तुटली, सहा मुलं गेली, सात जखमी झाली. इमारत होती २००७ ची, म्हणजे अवघ्या आठ वर्षांची! वरून सगळं ठाकठीक, आत पाणी मुरून तुळया कुजलेल्या. या कुजण्याला इंग्रजीत ड्राय रॉट म्हणतात. नाव फसवं आहे, त्याला ओलच लागते.

म्हणून लेजरच्या वर पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, आहे का ते बघायचं. स्क्रूड्रायव्हर लाकडात लोण्यासारखा शिरला, तर वर कितीही रंग मारा, उपयोग नाही. आमच्याकडे महागवाल्याला लेजरच्या एका टोकाला नेमकं तेच सापडलं. स्वस्तवाल्याने त्यावर नवीकोरी फळी ठोकली असती आणि ते पुढची दहा वर्षं कुणाला दिसलंही नसतं. काम कुणाला दिलं ते सांगायला नकोच.

प्रश्न चौथा: लायसन्स आणि पैसे

कॅलिफोर्नियाचं कंत्राटदारांचं लायसन्स बोर्ड १९२९ पासून आहे. सामान आणि मजुरी मिळून १,००० डॉलर किंवा वरचं काम असेल तर लायसन्स लागतंच (२०२४ च्या अखेरपर्यंत ही मर्यादा ५०० होती). नंबर बोर्डाच्या साइटवर टाका, दोन मिनिटांत कळतं. कामगारांचा विमाही तिथेच दिसतो. आगाऊ रक्कम घरदुरुस्तीच्या कामाच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातली कमी असेल तेवढीच. "अर्धे आधी" हे सरळसरळ बेकायदा.

शिवाय लीन नावाची एक भानगड आहे. कंत्राटदाराने लाकूडवाल्याचे पैसे बुडवले, तर लाकूडवाला तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो, तुम्ही कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिलेले असले तरी! याचं अमेरिकेतलं मूळ १७९१ च्या मेरीलँडच्या कायद्यात आहे. वॉशिंग्टन शहर बांधायला कारागीर मिळावेत, म्हणून त्यांच्या मजुरीला दिलेली ती हमी होती. हेतू चांगलाच, पण आपण प्रत्येक हप्त्याला लीन सोडल्याची सही घेतलेली बरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बर्कलीनंतर कॅलिफोर्नियाने २०१८ आणि २०१९ मध्ये दोन कायदे केले. तीन किंवा जास्त घरांच्या भाड्याच्या इमारतींत उंचावरच्या लाकडी बाल्कन्या-डेक दर सहा वर्षांनी तपासायचे, आणि काँडोंमध्ये दर नऊ वर्षांनी. स्वतंत्र घराच्या मागचा डेक मात्र या दोन्हींत येत नाही. तिथे इन्स्पेक्टर येणार नाही, नोटीस येणार नाही. तिथली तपासणी आपणच करायची किंवा करून घ्यायची.

असो. पाहुणे यायच्या आधी या वीकेंडला टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन एकदा डेकच्या खाली जाऊन या. वरून तो नेहमीच चांगला दिसतो.