राजाचा कुत्रा आणि पंचवीस पौंडांचे बक्षीस

२००८ साली मी संशोधनाच्या कामासाठी इंग्लंडमध्ये होते. ज्या बाईंकडे खोली घेऊन राहत होते, त्यांच्याकडे एक लहानखुरा कुत्रा होता. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिगळे, लांब केसाळ कान आणि मोठे काळेभोर डोळे. जातीचे नाव मात्र अंगापेक्षा मोठे : कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल.

असा कुत्रा सांभाळणे सोपे. अनोळखी माणसावर भुंकणे नाही, पोरांवर गुरगुरणे नाही. शिकवणेही सोपे, कारण खाण्यासाठी तो काहीही करायला तयार असे. हरभऱ्याएवढा गाजराचा तुकडा हातात धरला की 'बस', 'थांब', 'ये' हे सगळे तो दोन-चार दिवसांत शिकला होता. पण तोच त्याचा दोषही होता. द्याल तेवढे खाई. म्हणून बाई त्याचे खाणे स्वयंपाकघरातल्या तराजूवर तोलून देत आणि शिकवताना दिलेले तुकडे त्यातून वजा करीत.

त्याला एक विचित्र खोड होती. फिरायला नेले की चालता चालता तो मध्येच थांबे, मान वाकडी करी आणि मागचा पाय उचलून मानेजवळ खाजवू लागे. पण पाय मानेला लागतच नसे! तो हवेतच खाजवीत असे. आम्हाला हसू येई. "बघा, लागला गिटार वाजवायला," असे बाई म्हणत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीबीसी दूरदर्शनवर शुद्ध जातीच्या कुत्र्यांच्या आजारांविषयी एक माहितीपट दाखवला गेला. याच जातीची कुत्री कोणत्या दुखण्याने तळमळतात, ते त्यात होते. दुसऱ्या दिवशी कुत्र्याने पुन्हा हवेत पाय हलवला, तेव्हा बाई हसल्या नाहीत. ती खोड नव्हती, ते दुखणे होते.

हे दुखणे त्या कुत्र्याच्या वाट्याला कसे आले? उत्तर शोधायला आपल्याला साडेतीनशे वर्षे मागे जावे लागेल.

चित्रातला कुत्रा

स्पॅनियल ही मुळात शिकारीच्या कामाची कुत्री. झुडपांत लपलेले पक्षी हुसकून उडवायचे, हे त्यांचे काम. त्यांच्यातलेच लहान चणीचे कुत्रे युरोपातील राजवाड्यांत मांडीवर बसण्यासाठी पाळले जाऊ लागले. व्हॅन डाइक या चित्रकाराने इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या मुलांची चित्रे १६३०च्या दशकात काढली. त्यांत मुलांच्या पायाशी असे स्पॅनियल दिसतात. त्या मुलांपैकी थोरला पुढे दुसरा चार्ल्स म्हणून गादीवर आला. त्याला कुत्र्यांचा एवढा नाद होता की जातीला त्याचेच नाव चिकटले.

सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १६६० साली राजा परदेशातून परत आला, तेव्हा किनाऱ्याकडे येणाऱ्या एका होडीत पीप्स होता आणि राजाचा लाडका कुत्राही होता. कुत्र्याने होडीतच घाण केली. सगळे हसले आणि पीप्सने लिहून ठेवले, की राजा काय, त्याचे गणगोत काय, शेवटी इतरांसारखेच! पुढे १६६७ मध्ये, राज्याच्या बैठकीत राजा कामाकडे लक्ष न देता कुत्र्याशी खेळत बसतो, अशी तक्रारही त्याने नोंदवली आहे.

त्या काळच्या चित्रांतल्या कुत्र्यांचा चेहरा पाहण्यासारखा आहे. नाक लांबट आणि डोके सपाट. पुढच्या दोन शतकांत ही ठेवण बदलत गेली. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांशी संकर झाला असावा, असे मानतात. व्हिक्टोरिया राणीकडेही 'डॅश' नावाचा असा स्पॅनियल होता. २८ जून १८३८ रोजी राज्याभिषेक आटोपून परत आल्यावर या एकोणीस वर्षांच्या राणीने पहिल्यांदा काय केले असेल, तर डॅशला अंघोळ घातली! राणीचा कुत्रा म्हटल्यावर ही जात लोकप्रिय झाली. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा चेहरा चपटा, कपाळ घुमटासारखे आणि नाक जवळजवळ आत दबलेले असे झाले होते.

१८५९ सालच्या दोन घटना

हा बदल एका माणसाच्या नजरेतून सुटला नव्हता. नोव्हेंबर १८५९ मध्ये चार्ल्स डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात डार्विनने किंग चार्ल्स स्पॅनियलचा उल्लेख केला आहे. राजाच्या काळापासून हा कुत्रा पुष्कळ बदलला, पण तो बदलायचाच असे कोणी ठरवले नव्हते, असे त्याचे म्हणणे. जो तो आपल्याला आवडेल त्या कुत्र्याची पिल्ले ठेवत गेला आणि पिढ्यांमागून पिढ्या बदल साचत गेला. यालाच डार्विनने नकळत केलेली निवड म्हटले.

गंमत अशी, की त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल गावी कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले होते. तिथून पुढे ही निवड नकळत राहिली नाही. १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने कुत्र्यांची वंशनोंदवही छापली. प्रत्येक जातीचे 'आदर्श वर्णन' ठरले. कान किती लांब, शेपूट कशी, ठिपका कुठे, हे सारे लिहिले गेले. आई आणि बाप दोघेही त्याच जातीचे म्हणून नोंदलेले असतील, तरच पिल्लू शुद्ध. बाहेरून रक्त येण्याचा दरवाजा अशा रीतीने हळूहळू बंद झाला.

याच सुमारास कुत्र्यांचे खाणेही दुकानात विकत मिळू लागले होते. जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने १८६०च्या दशकात लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे विकायला सुरुवात केली. त्याच्या कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक विक्रेता होता. बिस्किटे विकता विकता त्याची कुत्री पाळणाऱ्यांशी ओळख झाली आणि १८९१ मध्ये त्याने लंडनमध्ये स्वतःच्या नावाने प्रदर्शन भरवले. 'क्रफ्ट्स' हे प्रदर्शन आजही भरते.

बक्षिसाची जाहिरात

आता या गोष्टीत रॉझवेल एल्ड्रिज नावाचे अमेरिकन गृहस्थ येतात. जुन्या चित्रांत असतात तसे लांब नाकाचे स्पॅनियल विकत घ्यावेत म्हणून ते इंग्लंडला आले. पण पाहावे तिकडे चपट्या तोंडाचीच कुत्री! तेव्हा १९२६ मध्ये त्यांनी क्रफ्ट्स प्रदर्शनात बक्षीस लावले. चार्ल्स राजाच्या काळातील चित्रांशी जुळणारा, लांब चेहऱ्याचा, सपाट डोक्याचा उत्तम नर आणणाऱ्याला पंचवीस पौंड आणि तशाच मादीलाही पंचवीस पौंड.

पैदास करणारे आधी हसले, मग कामाला लागले. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना कधीमधी लांब नाकाचे पिल्लू होई. पूर्वी ते टाकाऊ ठरे, आता त्यालाच मोल आले. १९२८ मध्ये 'ॲन्स सन' नावाच्या कुत्र्याने बक्षीस मिळवले. त्याच वर्षी कॅव्हेलियर क्लब स्थापन झाला आणि ॲन्स सनलाच नमुना धरून जातीचे वर्णन लिहिले गेले. एल्ड्रिज मात्र हे पाहायला उरले नाहीत. प्रदर्शनाच्या थोडेच दिवस आधी ते वारले.

नंतर दुसरे महायुद्ध आले. माणसांनाच अन्न शिधापत्रिकेवर मिळत होते, तिथे कुत्र्यांना कोण पोसणार? एका नामांकित पैदास केंद्रात साठ कुत्र्यांपैकी तीनच उरली. १९४५ मध्ये केनेल क्लबने कॅव्हेलियरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. या जातीचा पाया म्हणून आजही सहाच कुत्र्यांची नावे घेतली जातात आणि त्यांत ॲन्स सनबरोबर त्याचा सख्खा भाऊही आहे! आज जगभर पसरलेल्या कॅव्हेलियर कुत्र्यांचा वंशवृक्ष मागे नेला, की तो या मूठभर कुत्र्यांपाशी येऊन थांबतो.

पिशवीतले सहा दाणे

मूठभर पूर्वजांमुळे काय बिघडते? वर्गात हा प्रयोग करून पाहा. एका पिशवीत तूर, मूग, हरभरा, मटकी, वाटाणा असे मिळून एकोणसाठ दाणे घ्या. त्यात राजम्याचा एकच दाणा टाका. हा राजमा म्हणजे एखादे सदोष जनुक समजा. आता डोळे मिटून सहा दाणे काढा आणि बाकीचे बाजूला ठेवा. बहुतेक वेळा राजमा येणार नाही. पण ज्या गटाच्या हाती तो येईल, त्याच्याकडे साठात एक असणारा दाणा सहात एक होईल. प्रमाण एकदम दहापट! शिवाय काही कडधान्ये कायमची नाहीशी झालेली असतील. यालाच आनुवंशिकीत 'संस्थापक परिणाम' म्हणतात. पुढे या सहा दाण्यांपासूनच शेत पिकवायचे आणि बाहेरचे बियाणे आणायचे नाही, असा नियम केला, तर गेलेले दाणे परत येण्याचा मार्गच उरत नाही.

त्यात नात्यातल्याच कुत्र्यांचे मीलन होत राहिले, की आईकडून आणि बापाकडून तेच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते. एरवी झाकून राहणारे अप्रभावी जनुक मग आपला गुण दाखवू लागते. २०२१ मध्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आठ जातींच्या कुत्र्यांचे जनुकीय वाचन प्रसिद्ध केले. त्यात हानिकारक जनुकबदलांचा साठा कॅव्हेलियरमध्ये सर्वांत जास्त आढळला.

जे परीक्षकाला दिसत नाही

परीक्षकाने नाक पाहिले, डोके पाहिले, कपाळावरचा ठिपका पाहिला. छातीच्या आतले त्याला कसे दिसणार? कॅव्हेलियरमध्ये हृदयाच्या डाव्या बाजूची द्विदली झडप लवकर झिजते. सुमारे पाच वर्षांच्या वयात जवळपास निम्म्या कुत्र्यांच्या हृदयात झडप गळत असल्याचा आवाज ऐकू येतो. दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सर्वांनाच तो त्रास झालेला असतो. हा दोष निवडीतून गळून का गेला नाही? कारण त्याची वेळ. कुत्रा दोन वर्षांचा असताना धडधाकट दिसतो, बक्षीस मिळवतो, त्याची पिल्ले होतात. आवाज ऐकू येईपर्यंत जनुके पुढच्या पिढीत पोचलेली असतात.

दुसरे दुखणे कवटीचे. मेंदूच्या मानाने कवटीचा मागचा भाग अपुरा पडतो. मेंदूचा मागचा भाग कवटीच्या खालच्या छिद्राकडे ढकलला जातो. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती फिरणाऱ्या द्रवाची वाट अडते आणि मज्जारज्जूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात. मान आणि खांद्याशी विचित्र संवेदना उठतात आणि कुत्रा हवेत खाजवतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बाहेरून निरोगी दिसणाऱ्या ५५५ कॅव्हेलियर कुत्र्यांचे एमआरआय तपासले. एक वर्षाच्या कुत्र्यांपैकी २५ टक्के आणि सहा वर्षांवरील कुत्र्यांपैकी ७० टक्के कुत्र्यांत अशा पोकळ्या सापडल्या.

चपट्या तोंडाच्या किंग चार्ल्स स्पॅनियलमध्येही कवटीचा हा दोष आहे. म्हणजे एल्ड्रिज यांच्या बक्षिसाने चित्रातले नाक परत आणले, पण दोन शतकांत बदललेली कवटी आतून तशीच राहिली. चित्रात कुत्र्याची फक्त बाहेरची बाजू असते. चित्रावरून निवड केली, की चित्रात जेवढे आहे तेवढेच परत मिळते.

मग करायचे काय?

नॉर्वेत हा प्रश्न न्यायालयात गेला. प्राण्यांच्या कल्याणाच्या कायद्यानुसार सध्याच्या कॅव्हेलियर कुत्र्यांची पैदास बेकायदेशीर आहे, असा निकाल ऑस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम केला. मात्र शास्त्रीय पद्धतीने दुसऱ्या जातींशी संकर करून जात सुधारण्याचा मार्ग मोकळा ठेवला.

डेन्मार्कने आधीच दुसरा उपाय केला होता. पैदाशीपूर्वी हृदयाची तपासणी सक्तीची केली. त्याचे फळ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ-दहा वर्षांत झडपेच्या विकाराचा धोका ७३ टक्क्यांनी कमी झाला होता. जी निवड दोष आणते, तीच तो काढूही शकते. फक्त नजर नाकावरून हृदयाकडे वळवावी लागते. पण दाणेच उरले नसतील तर निवड तरी कशातून करणार? म्हणून संकराचा दरवाजाही कधीतरी उघडावा लागेल, असे मला वाटते. त्यावर पैदास करणारे म्हणतील, मग तो कॅव्हेलियर राहीलच कसा? साडेतीनशे वर्षांत अनेकदा चेहरा बदललेल्या कुत्र्याबाबत हा प्रश्न विचारावा, याचे मला नवल वाटते.

आमच्या घरमालकीणबाईंनी आपल्यापुरते बदल केले. गळ्यातला पट्टा काढून छातीभोवतीचा पट्टा आणला, म्हणजे मानेला हिसका बसू नये. मान फार वाकवावी लागू नये म्हणून जेवणाची ताटली एका बुटक्या स्टुलावर ठेवली. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक औषध ठरल्या वेळी चालू ठेवले. मी परत निघाले तेव्हा कुत्रा दारापर्यंत आला, थांबला आणि मान वाकडी करून हवेत खाजवू लागला. बाई खाली बसल्या आणि त्याचे खाजवणे थांबेपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिल्या.