बेटावरचा मुक्काम : गोराईच्या इतिहासातून

बेटावर चार दिवस राहायला जायचे ठरले की मुक्काम कोठे करावा, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. बहुतेकांची अट एकच असते. खिडकी उघडली की समोर समुद्र दिसला पाहिजे! हा प्रश्न वरवर चैनीचा दिसला, तरी आमच्या मते तो मूळचा इतिहासाचा आहे. ज्या बेटावर माणूस शतकानुशतके नांदला, तेथे घर कोठे बांधावे याचा निवाडा अनेक पिढ्यांनी करून ठेवलेला असतो. आणि पाहुण्याची आवड त्या निवाड्याच्या पुष्कळदा अगदी उलट असते. हे विधान तपासून पाहण्यासाठी दूर जायला नको. बोरिवलीची खाडी होडीने ओलांडली की गोराई लागते.

येथे आम्ही बोलत आहो ते खाडीपलीकडच्या गोराई गावाविषयी, बोरिवलीच्या बाजूला त्याच नावाने उभ्या राहिलेल्या वसाहतीविषयी नव्हे. हे गाव ज्या भूभागावर आहे, त्याचे जुने नाव धारावी बेट. मुंबई शहरातल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. मनोरी, गोराई, डोंगरी, उत्तन ही त्यावरची गावे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, आणि आतल्या अंगाला मनोरीची खाडी व तिवरांचे रान. भाईंदरकडून आता गाडीरस्ता आहे. परंतु मुंबईकराची जुनी वाट मार्वे किंवा बोरिवलीहून पाण्यावरूनच जाते.

या बेटावर ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडली. होडी सुरक्षित राहावी म्हणून मनोरीच्या कोळ्यांनी खाडीच्या मुखाशी आसरा घेतला. शिपायाने उंचवटा निवडला. वसईच्या खाडीवर नजर ठेवणारा धारावीचा किल्ला 1739 च्या मार्च महिन्यात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. वसईकडे समुद्रमार्गाने जाणारी मदत अडवायची, तर ही टेकडी हाती असणे अवश्य होते. पण शिपायाचा मुक्काम मोहिमेपुरता. कायम राहणाऱ्या शेतकऱ्याने काय केले? गोराईचे जुने गावठाण पाहा. ते पुळणीला चिकटून नाही. पुळण, तिच्यामागे माडांची रांग, आणि त्याच्याही आत घरे, विहिरी व देऊळ. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेल्या येथील लोकांचे देऊळ तीन राजांच्या नावाचे. तेही वस्तीच्या कुशीतच आहे.

याची कारणे दोन : वारा आणि पाणी.

वाऱ्याचे कारण उघड आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा वारा समुद्रावरून सरळ या किनाऱ्यावर येतो. मुंबईच्या परिसरात वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. पुळणीवरचे घर म्हणजे चार महिने खाऱ्या तुषारांशी झुंज. पाहुणा डिसेंबरात येतो, त्याला हे ठाऊक नसते. गावाला बारा महिने राहायचे असते.

पाण्याचे कारण इतके उघड नाही. समुद्रकाठच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते हलके असते. डच अभियंता गायबेन याने 1888 च्या सुमारास आणि जर्मन अभियंता हर्ट्झबर्ग याने 1901 साली हा नियम स्वतंत्रपणे मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचा अर्थ असा, की वरची पातळी अर्ध्या फुटाने उतरली तर कालांतराने खालून खारे पाणी वीस फूट वर चढते. म्हणूनच पुळणीजवळच्या विहिरीवर यंत्र बसवून उपसा केला की पाणी मचूळ होते. आणि एकदा मचूळ झालेली विहीर सहजासहजी गोड होत नाही. आमच्या शेतकऱ्याला गायबेनचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण तो विहीर आत खोदत असे, बादलीने उपसत असे. वसईकडे ज्यांना बावखले म्हणतात, त्या खोलगट तळ्यांत पावसाचे पाणी जिरवून आसपासच्या विहिरी गोड राखण्याची विद्या याच किनारपट्टीची आहे.

मग समुद्रासमोरच राहण्याची ही हौस कोणत्या बेटांवर शोभते? त्यासाठी वेस्ट इंडीजकडे पाहू. 1971 साली वाडेकरांच्या संघाने तेथे मालिका जिंकली, तेव्हापासून ती बेटे मराठी माणसाला परकी वाटत नाहीत. शिवाय नावाचे एक नाते आहे. हिंदुस्थान शोधायला निघालेल्या कोलंबसाच्या समजुतीमुळे 1492 नंतर त्या बेटांवर इंडीजचे नाव बसले; इकडे 1887 साली साष्टी-वसईकडच्या मराठीभाषी ख्रिस्ती समाजाने स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले. गोराईचे अनेक रहिवासी त्याच समाजाचे.

त्या बेटांपैकी बार्बाडोस घ्या. तेथे व्यापारी वारे पूर्वेकडून येतात. पूर्व किनाऱ्यावर लाटा आदळतात, पश्चिम किनारा शांत असतो. 1627 साली इंग्रज वसाहतवाले उतरले ते याच पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या होलटाऊनपाशी; आणि 1961 साली सँडी लेन हे श्रीमंतांचे हॉटेल उघडले तेही याच किनाऱ्यावर. वसाहतवाल्याची गरज आणि पाहुण्याची हौस तेथे एका जागी आली, कारण तेथे शांत बाजू आणि स्नानाची पुळण एकच आहे. गोराईला तसे नाही. येथे पुळण वाऱ्याच्या तोंडी, आणि शांत बाजू तिवरांच्या खाडीकडे. बार्बाडोसचा नकाशा गोराईवर अंथरणे म्हणजे बेट उलटे वाचणे होय.

गेल्या काही दशकांत ते तसे वाचले गेले. 1957 मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. 1989 मध्ये एस्सेल वर्ल्ड हे करमणुकीचे उद्यान सुरू झाले. 2009 मध्ये विपश्यनेचा भव्य पॅगोडा खुला झाला. पुळणीकाठी विश्रामगृहे उभी राहिली. 1991 च्या किनारपट्टी नियमनाच्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत भूजल उपसण्यास मनाई केली, आणि 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात साध्या विहिरीतून हाताने उपसा, तोही पिणे, शेती, बागायत व मासेमारीपुरता, एवढीच मोकळीक ठेवली. गावकऱ्यांची जुनी रीतच जणू कायद्याच्या भाषेत उतरली! पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात बेटाचा मोठा भाग पर्यटनाच्या विशेष क्षेत्रासाठी घेण्याची योजना पुढे आली, तेव्हा धारावी बेट बचाव समितीच्या नावाने गावकरी विरोधाला उभे राहिले. त्या झगड्यात जमीन होती, तशी विहीरही होती.

पाहुण्याने येऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. पाहुण्यामुळे होडीवाल्याला, भाजीवालीला, मासळीवालीला दोन पैसे मिळतात. आमचे म्हणणे इतकेच, की खोली ठरवताना समुद्र किती जवळ, हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. येथले पाणी कोठून येते? सांडपाणी कोठे जाते? आणि या पाण्यावर आणखी कोणाची चूल अवलंबून आहे? ज्या घरमालकाला याची सरळ उत्तरे देता येतात, त्याच्याकडे उतरावे. ते घर बहुधा गावाच्या आतल्या अंगाला निघेल. समुद्र तेथून पायी थोडी वाट आहे; ती चालावी. ज्यांनी हे बेट राहते ठेवले, ते ती वाट रोज चालत आले आहेत.