खडकावरचा पट आणि पडद्यावरचा पट

जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटात जाणारा अभ्यासक प्रथम शोधतो तो सातवाहनांचा शिलालेख. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा मानला जाणारा तो ब्राह्मी लेख, त्यातील यज्ञ, दाने आणि अंकचिन्हे यांवर विपुल लेखन झाले आहे. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याच परिसरात खडकावर खेळांचे पट कोरलेले आहेत, त्यांच्याकडे मराठीच्या अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. खळग्यांच्या समांतर ओळी, एकमेकांत बसवलेले चौकोन, असे त्यांचे स्वरूप. राजांनी लेख कोरवले. ज्यांना घाटात थांबावे लागले त्यांनी पट कोरले, एवढे म्हणता येते.

सुमारे बारा वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो होतो. आंबेगाव तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्याआधी व्हिडिओ गेमवर प्रकल्प लिहिण्याची परवानगी मागितली होती आणि ‘हा वाङ्मयीन विषय नव्हे’ असे सांगून मी ती नाकारली होती. खळग्यांजवळ उकिडवा बसून त्याने विचारले, “सर, हा खेळ जुना म्हणून इतिहास, आणि माझा खेळ नवा म्हणून व्यसन?” त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. प्रस्तुत टिपण हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

पहिली गोष्ट अशी की, ‘जुना’ हा शब्दच येथे निसरडा आहे. लेखाची लिपी कालनिर्णयाला आधार देते. पटाला लिपी नसते. तो सातवाहनकाळात कोरला गेला असेल किंवा नंतरच्या एखाद्या गुराख्याने. म्हणजे आपण त्याला मान देतो तो वयामुळे नव्हे, तर तो दगडात आहे म्हणून. खेळाची प्रतिष्ठा त्याच्या माध्यमावर ठरते, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट, खेळ माध्यमे बदलत जगतो. कवड्या टाकून खेळला जाणारा पचिसीचा पट इंग्लंडमध्ये पोहोचला, कवड्यांच्या जागी फासा आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे ‘लुडो’च्या नावाने त्याचे पेटंट घेतले गेले. २०१६ मध्ये नवी मुंबईतील एका कंपनीने तोच खेळ ‘लुडो किंग’ या नावाने मोबाइलवर आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी खेळला गेला. या प्रवासात फक्त पट बदलला असे नाही. पचिसीत चौघे दोन जोड्यांनी खेळत. जोडीदाराची सोंगटी घरी नेणे ही आपलीही जबाबदारी असे. रूढ लुडोत प्रत्येक जण स्वतःपुरता खेळतो. एखाद्या महाकाव्याच्या दोन पाठांतील फरक आपण ज्या गांभीर्याने नोंदवतो, त्याच गांभीर्याने हा पाठभेद का नोंदवू नये?

आता त्या विद्यार्थ्याच्या खेळाकडे वळू. निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १९८३ मध्ये जपानमध्ये आले. आपल्याकडे १९९० च्या दशकात पोहोचली ती त्याच्या धर्तीवरची ‘सामुराई’, ‘मीडिया’ यांसारख्या नावांची यंत्रे. टीव्हीला जोडायची, वरून ‘कॅसेट’ खोचायची, चालली नाही तर फुंकर मारायची. कॅसेटवर हजारो खेळांचा दावा; प्रत्यक्षात तेच मोजके खेळ पुन्हा पुन्हा. विद्यार्थी सांगे की, त्यांच्या गावात कोणी ‘मारिओ’चा शेवट पाहिलेला नव्हता. कारण भारनियमन. त्या खेळात मधली प्रगती जपून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्या पायरीपासून. माहितीपुस्तिका नसल्याने पात्रांची नावे आणि कथाही मुलांनीच रचलेल्या. वाचकाच्या प्रतिसादातून संहिता घडते, हे मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो. त्याचे इतके चोख उदाहरण समोर असताना मी ते नाकारले. टोकियोतला मारिओ आणि मंचरच्या परिसरातला मारिओ या एकच संहिता नव्हेत.

योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’मध्ये संस्कृतीच्या मुळाशी खेळ पाहिला. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ च्या ‘सायबरटेक्स्ट’मध्ये, वाचकाला स्वतः श्रम करून वाट काढावी लागते अशा संहितांची मांडणी केली. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा काही ठिकाणी छायाबाहुल्यांच्या रूपात उलगडते. त्याचे कौतुक पौराणिक विषयामुळे झाले तर त्यात हरकत नाही. पण पुराण आले की खेळ प्रतिष्ठित, हा निकष पुन्हा दगडाच्या निकषासारखाच आहे.

अर्थात व्यसनाचा आक्षेप खोटा नाही. घराघरांतले पालक तो अनुभवातून मांडतात. पण शब्द नेमके हवेत. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पब्जी’सह ११८ अ‍ॅप्सवर आलेल्या बंदीचे शासकीय कारण देशाची सुरक्षा हे होते, मुलांचे व्यसन नव्हे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे खेळ प्रतिबंधित केले आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. खेळ आणि द्यूत यांतला भेद असा कायद्यात आला आहे. आपल्या बोलण्यात तो अजून यायचा आहे. जुन्नर-आंबेगावला खेळाच्या बंदीचे राजकारण नवीन नाही. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेली बैलगाडा शर्यत डिसेंबर २०२१ मध्ये परतली, ती ‘परंपरा’ या शब्दाच्या बळावर. हा शब्द ज्याच्या वाट्याला येतो त्या खेळाला वकील मिळतो; पडद्यावरच्या खेळाला तो मिळण्याइतका काळ अजून लोटलेला नाही.

आणि काळच येथे शत्रू आहे. नाणेघाटातला पट ऊन-पावसात टिकला. कॅसेटी मात्र भंगारात गेल्या, आणि त्या खेळणारी मुले आता चाळिशीकडे झुकली आहेत. त्यांनी रचलेली नावे, कथा, तासावर भाड्याने खेळण्याचे हिशेब, यांची नोंद आज घेतली नाही तर ती कोठेच उरणार नाही. ओव्या आणि म्हणी गोळा करण्यासाठी विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवणाऱ्या मराठी विभागांना हे काम परके वाटू नये.

तो विद्यार्थी पुढे ग्रामीण कादंबरीवर प्रकल्प लिहून उत्तीर्ण झाला. प्रकल्प चांगला होता. मात्र दुसरा, मी लिहू न दिलेला, आज माझ्या अधिक उपयोगाचा ठरला असता.