तात्पुरत्याचे आयुष्य

‘तात्पुरती’ म्हणून मंजूर झालेली जागा पुष्कळदा कायम जागेहून अधिक टिकते, हे सरकारी नोकरास सांगावयास नको. जागतिक व्यापाराचा इतिहासही असाच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय व्यापार संघटना स्थापण्याचे ठरले. ती होईपर्यंतची सोय म्हणून ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनीव्हा येथे २३ राष्ट्रांनी जकातीविषयक करार केला. त्यात भारतही होता. मार्च १९४८ मध्ये हवाना येथे संघटनेच्या सनदेवर सह्या झाल्या; परंतु १९५० साली अमेरिकेने ती काँग्रेसपुढे पुन्हा न नेण्याचे ठरविले, आणि संघटना जन्मापूर्वीच निमाली. करार मात्र उरला. एकास दिलेली सवलत सर्व सभासदांस द्यावयाची, हे त्याचे मुख्य सूत्र. उणीव ही की, निवाडा विरुद्ध गेलेले राष्ट्रच त्याचा स्वीकार अडवू शकत असे.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि ही पळवाट बुजली. पण अमेरिकेने नव्या नेमणुकांस संमती नाकारल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून तिचे अपील-मंडळ ठप्प आहे. साखरेच्या वादात हरल्यावर भारतानेही तेथेच अपील केले. ते पडून राहिले. त्या वेळी आपली सोय झाली खरी. परंतु दुर्बळास अखेर नियमाचाच आधार असतो. जागा रिकाम्या ठेवल्या की नियम कागदावरच राहतो, हे आपल्याइतके कोण जाणतो?